सतरा दिवस बंद ठेवलेला वास

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
आषाढ वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप सौ. चतुराअक्का हिच्या पायांशी,

धाकट्या गोकुळचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून आन चारी काचा खाली करून नमस्कार. इकडं आम्ही सगळे खुशाल हाओत. तिकडं तुझा दमा, तुझे गुडघे, दाजींची बीपीची गोळी, म्हैस आन अद्रकीचं रान, सगळ्यांची खुशाली कळव. (म्हशीची आधी कळव. दाजी स्वतःच्या तब्येतीबद्दल कधी खरं सांगत नायत आन म्हशीबद्दल कधी खोटं बोलत नायत.) पिशोरला पाऊस झाला असं कळलं. इथं नुसतं आभाळ येतं, वाकून बघतं आन दौलताबादकडं निघून जातं.

आता तू म्हणशील, घरात तीन-तीन मोबाइल असताना ह्या बाबाला पत्र लिहायची काय हौस आली. अक्का, चैत्रातल्या त्या दिवसापासून मी तुला एकवीस वेळा फोन लावला. एकवीसही वेळा दाजींनी उचलला आन "ती घरात नाय" असं सांगितलं. त्यातल्या निम्म्या वेळा तरी मागून तुझाच आवाज येत होता, की सांगा घरात नाय म्हणून. दाजी बिचारे सरळ माणूस. एकदा तर ते मला म्हणाले, "जरा थांब गोकुळ, तिलाच विचारतो घरात हाय का ते." म्हणून मी पत्राची वाट धरली. पत्राला कुणी घरात नाय म्हणून परत लावत नाय, आन तू वाचून फाडलंस तरी वाचलेलं काय फाटत नाय. दाजींकडून वाचून घेऊ नको, चष्मा लाव आन स्वतः वाच. दाजी मधले मधले शब्द गाळतात.

मुद्द्यावर येतो. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घे, की तुझ्या भावानं तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. माझी सगळी जिंदगी अशा गाड्यांत गेली, की ज्यांच्या निम्म्या खिडक्या उघडत नव्हत्या आन उरलेल्या निम्म्या लागत नव्हत्या. डिझेलचा धूर, कोंबड्यांची पाटी, ओल्या घोंगड्या, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी, सगळं एका गाडीत. पण हवा कमी पडली असं कधी झालं नाय. पाऊस आला की छत्री उघडून तिकिटं फाडली हायत मी. अशा माणसानं रिटायर झाल्यावर, साठीच्या तोंडावर, ड्रायव्हिंग स्कूलमधे जाऊन कॉलेजातल्या पोरांच्या मागं नंबर लावला आन पाडव्याला स्वतःची चारचाकी आणली. (परीक्षेत मी पास झालो, पण निघताना सवयीनं टपावर दोनदा थाप मारून "जाऊ द्या" म्हणालो. तपासणारे साहेब म्हणाले, काका, ड्रायव्हर तुम्हीच हाय.)

तर पाडव्याला गाडी घ्यायला गेलो. दार उघडलं आन तो वास आला. अक्का, नव्या गाडीचा वास! प्लास्टिकचा म्हणावा तर नाय, रबराचा म्हणावा तर नाय, नुसता नव्याचा वास. मी तिथंच डोळे मिटून उभा राहिलो. विकणाऱ्या पोरीला वाटलं काकांना चक्कर आली, ती पळत जाऊन पाणी घेऊन आली. त्याच मिनिटाला मी मनाशी ठरवलं, की ह्या गाडीत बसायचा पहिला मान अक्काचा. तिला घेऊन वेरूळला जायचं, घृष्णेश्वराला नारळ फोडायचा, मग बाकीच्यांनी बसायचं. बहिणीचा मान असतोच, त्यात नवीन काय नाय. पण तुझी कांद्याची काढणी चालली होती. तू फोनवर म्हणालीस, कांदा आवरल्याबिगर मला मरायला पण सवड नाय. मी म्हटलं, काय हरकत नाय, गाडी थांबंल. आन खरंच थांबवली. सतरा दिवस! अंगणात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट दिसावी अशी उन्हात लावली, चारी काचा गच्च वर, दारांना कुलूप. आमच्या प्रेरणाच्या आईनं एकदा नुसतं आत झाडू मारते म्हटलं तर मी तिच्यावर असा खेकसलो, की तिनं रागानं बॉनेटवर कुरडया वाळत घातल्या. एका दुपारीत कडकडीत वाळल्या. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं, की बाहेर कुरडया वाळतायत तर आत काय शिजत असंल.

त्याआधी आणखी एक उद्योग केला होता. आमच्या चौकात सोमनाथ म्हणून एक गाड्या सजवणारा हाय. दुसऱ्याच दिवशी गाडी त्याच्या ताब्यात दिली. (तो आत बसला, पण ते काम म्हणून. त्याला मान धरत नायत.) सीटवर कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक होतं. सोमनाथ म्हणाला, "काका, ते काढायचंच नाय. त्याच्यावरून रेक्झिनचं कव्हर घालतो, गाडी नातवाच्या लग्नापर्यंत नवी." मला ते लई पटलं. आपल्याकडं काय, टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक आपण काढत नाय, नव्या गादीचं काढत नाय, मग गाडीचंच काय म्हणून काढायचं? तर कव्हरं बसली. खाली चटया बसल्या, त्या चपला चिकटवायच्या सोल्युशननं चिकटवल्या. समोरच्या पट्टीवर चकचकीत पॉलिश मारलं. आन शेवटी भेट म्हणून त्यानं मोगऱ्याच्या वासाची एक बाटली टांगली, ती पण उघडून. एवढं सगळं करून दार लावलं ते तुझ्या मुहूर्तालाच उघडायचं, असं ठरवून. लोणचं मुरत घालतात तशी मी गाडी मुरत घातली.

अठराव्या दिवशी सकाळी पिशोरला यायला निघालो. प्रेरणाची आई ऐन वेळेला म्हणाली, माझं डोकं दुखतंय, तुम्हीच जा. मी म्हटलं, अगं बस तरी. तर ती दारापर्यंत आली, आत डोकावली आन पदर नाकाला लावून परत फिरली. मला वाटलं नणंद-भावजयीचं काहीतरी असंल. (माझं बायकांबद्दलचं ज्ञान असंच हाय, ते तुला माहीत हाय.) रस्त्यानं काचा बंद, एसी चालू, आन माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कन्नडपर्यंत मी स्वतःशीच म्हणत आलो, गोकुळ, आवर, बहिणीला गाडीत बसवणार म्हणून एवढं भरून येतंय व्हय! कपाळ ठणकत होतं, घसा खवखवत होता, आन मी समजत होतो की हे सगळं प्रेम हाय.

पुढचं तुला माहीतच हाय, पण मला लिहू दे. तू जरीचं लुगडं नेसून, डबा घेऊन, उपाशीपोटी गाडीत बसलीस. नैवेद्याआधी पाणी पण घ्यायचं नाय असं तुझं. बसल्या बसल्या म्हणालीस, "गोकुळ, काच जरा खाली घे रे." मी म्हटलं, अक्का, वास जाईल. कन्नडला परत म्हणालीस. मी परत म्हटलं, वास जाईल. तू स्वतःच बटन दाबायला लागलीस तेव्हा मी माझ्याकडनं काचा लॉक करून टाकल्या. आन वर तुलाच शिकवलं, की एसीत काच उघडायची नसती, खेड्यातल्या माणसांना समजत नाय. हतनूर मागं पडलं आन तू काचेवर एकदा टक् करून बोट मारलंस. एकच. तीस वर्षांची सवय, एक बेल म्हंजी थांब. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तू दार उघडून उतरलीस आन रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसलीस. मग ते उलटीचं, दम्याचा पंप ओढायचं, टपरीवरच्या माणसांनी पाणी आणून द्यायचं, ते सगळं झालं. श्वास जरा जागेवर आल्यावर तू पहिलं काय बोललीस, आठवतं? म्हणालीस, "ही गाडी हाय का काय हाय रे? मला तीन वास आले. चांभाराकडचं सोल्युशन, उन्हात तापलेली प्लास्टिकची बादली, आन त्याच्यावर मेलेला मोगरा."

आन मी काय बोललो? ते लिहायला हात धजत नाय, पण लिहितो, नायतर तू म्हणशील सोयीचं तेवढं लिहिलं. टपरीवरच्या चार माणसांसमोर मी म्हणालो, "शेणामातीत वाढलेलं नाक तुझं, तुला नव्या गाडीचा वास काय कळणार?" तू एवढंच म्हणालीस, की मेल्यावर पण मला तुझ्या गाडीतून नेऊ नको. मग मला राग आला. नवी गाडी, हार घातलेली, लिंबू बांधलेलं, आन बहीण म्हणती मेलेला मोगरा! मी दार आपटलं आन तुला तिथं लिंबाखाली सोडून निघालो. अक्का, तीस वर्षांत मी एक प्रवासी मागं सोडून गाडी हलवली नाय. म्हातारी धावत येताना दिसली तर ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन थांबवली. आन सख्ख्या बहिणीला, दम्याच्या, उपाशी, उन्हात सोडून निघालो.

हे तुला माहीत नसंल, की दोन किलोमीटर गेल्यावर मी गाडी वळवली. परत आलो तर कन्नडची एसटी तुला घेऊन हलत होती. कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. त्यानं डबल बेल दिली ती माझ्या कानावर आली, टण् टण्. खिडकीत तू बसली होतीस, काच पूर्ण उघडी, तोंड वाऱ्याला. तू मला बघितलं नाय. (का बघितलं होतंस? तसं असंल तर तेही कळव.)

घरी आलो तो तोऱ्यातच. प्रेरणाच्या आईला म्हटलं, दृष्ट लागली गाडीला. मीठ-मोहरी उतरवली, नवं लिंबू बांधलं, आन चारी काचा पुन्हा गच्च. त्याच दिवशी संध्याकाळी आमची प्रेरणा पुण्याहून तीन आठवड्यांचं ट्रेनिंग करून आली. तुझी भाची काय काम करती हे तू मला दर दिवाळीला विचारतीस, आन मी "प्रयोगशाळेत अधिकारी हाय" म्हणून वेळ मारून नेतो. आता खरं सांगतो. ती वास घेती. वाळूजला एका कारखान्यात गाडीच्या आतल्या सामानाची तपासणी करतात. चटई, सीटचा फोम, छताचं कापड, डिंक, ह्याचे बारके तुकडे काचेच्या बरणीत बंद करून भट्टीत तापवतात, मग सहा जण ओळीनं झाकण किलकिलं करून हुंगतात आन आपापल्या कागदावर मार्क मांडतात. त्या सहांतली एक आमची पोरगी. एमएस्सी केमिस्ट्रीला विद्यापीठात दुसरी आलेली! हुंगायच्या दिवशी आमच्या घरात लसणाची फोडणी बंद, उदबत्ती बंद, खोबरेल बंद. नुसत्या जिऱ्याचं वरण खाऊन आम्ही दिवस काढतो. एकदा मी मागच्या दाराशी उभा राहून चोरून ठेचा खाल्ला, तर तिनं फाटकातूनच विचारलं, "बाबा, ठेचा?"

तर ही पोरगी बॅग खाली ठेवून गाडी बघायला कौतुकानं गेली. दार उघडलं, अर्धं पाऊल आत टाकलं आन तसंच मागं घेतलं. मला म्हणाली, "बाबा, ह्याच्यात आत्याला बसवलं तुम्ही? दम्याच्या बाईला?" मग चारी दारं सताड उघडून तिनं मला अंगणातच उभं करून शिकवणी घेतली. तिची भाषा माझ्या डोक्यावरून गेली, पण कंडक्टरच्या भाषेत सांगतो. नव्या गाडीतलं प्लास्टिक, फोम, रेक्झिन, डिंक, हे सगळं पहिले काही महिने अंगातनं वायू सोडतं. ऊन लागलं की जास्तच सोडतं. आपल्याला जो नव्याचा वास वाटतो, तो म्हंजी हेच वायू. सगळेच वाईट नसतात, पण काही डोळ्यांत झोंबतात, डोकं धरवतात, दम्याच्या माणसाचा श्वास अडवतात. खिडकी उघडी असली की हे प्रवासी आपापल्या स्टॉपला उतरून जातात. काचा बंद केल्या की चढतात सगळे, उतरत कुणीच नाय. आन मी काय केलं होतं? सतरा दिवस उन्हात गाडी भरत ठेवली, वरून सोमनाथचं सोल्युशन, पॉलिश आन मोगरा असे तीन फुकटे आणखी चढवले, आन ऐन गर्दीत माझ्या बहिणीला आत ढकलून दार लावून घेतलं.

मी लगेच ऐकलं असं समजू नको, मी पण तुझाच भाऊ हाय. मी म्हटलं, पुरावा दाखव. प्रेरणानं कव्हराचा, चटईचा, सोल्युशन लागलेल्या कापडाचा एकेक तुकडा कापला (माझ्या काळजाचाच म्हण) आन साहेबांना विचारून दुपारच्या सुट्टीत त्या बरण्यांत घालून सहा जणांना हुंगायला दिला. संध्याकाळी मी फाटकातच उभा. म्हटलं, किती मार्क पडले? ती म्हणाली, सहापैकी पाच. अक्का, माझी छाती अशी फुगली! सहापैकी पाच म्हंजी डिस्टिंक्शनच की! तिला पुढं बोलूच दिलं नाय. तसाच चौकात गेलो, पावशेर पेढे आणले, गल्लीत घरोघर वाटले. सोमनाथला दोन जास्त दिले. त्यानं दुकानावर पाटी लावायचं पण ठरवलं. घरी आलो तर प्रेरणाची आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होती. तिनं मोठ्या प्रेमानं सांगितलं, की त्यांच्या कारखान्यात एक मार्क म्हंजी वासच नाय, आन सहा मार्क म्हंजी नाक धरून पळा. जेवढे जास्त तेवढं वाईट! पेढे पचून गेले होते, परत मागायची सोय नव्हती. अजून गल्लीत मला "पाच मार्कवाले काका" म्हणतात.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढं हाय. मार्कांच्या खाली त्या सहा जणांनी आपल्याला कसला वास आला ते लिहायचं असतं. प्रेरणानं कागद माझ्या हातात दिले. चौघांनी लिहिलं होतं चपलांचा डिंक. तिघांनी लिहिलं होतं तापलेलं प्लास्टिक. सहाही जणांनी लिहिलं होतं फुलाचा शिळा वास. (बाटलीचा मोगरा कव्हरात मुरला होता.) शिकलेली सहा माणसं, भट्टी, बरण्या, आन उत्तर तेच, जे तू लिंबाखाली बसून, धापा टाकता टाकता, एका दमात सांगितलं होतंस. प्रेरणा म्हणाली, बाबा, असं नाक आमच्या अख्ख्या लॅबमधे नाय. मी कागद हातात धरून पायरीवर बसलो. ज्या बाईला जमिनीखालचं अद्रकीचं बेणं कुजलं की बांधावरनं कळतं, तिला मी नाकाची अक्कल शिकवत होतो.

अक्का, मी चुकलो. नाक तुझं शेणामातीतलं नाय, माझी अक्कल प्लास्टिकात गुंडाळलेली होती. तुला सोडून गाडी हलवली, तो गुन्हा त्या वासापेक्षा मोठा हाय आन त्याला बरणी-भट्टी लागत नाय, मलाच रोज येतो त्याचा वास. मला माफ कर. मोठी हायस, चार शिव्या दे, पण फोन घे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसून सगळं उचकटलं. कव्हरं काढली, त्याच्याखालचं प्लास्टिक काढलं, चटया ओढून काढल्या, मोगरा सोमनाथला परत केला. (तो म्हणाला, "काका, अब क्या करते, डबल मोगरा लगा दूँ?" मी काय उत्तर दिलं ते मोठ्या बहिणीला लिहिता येत नाय.) गाडी उन्हातनं काढून मागच्या पत्र्याच्या शेडात नेली. तेव्हापासून तीन महिने चारी काचा उघड्या, रोज सकाळी चारी दारं उघडी. आता आत बसलं की काय वास येत नाय. प्रेरणा म्हणाली दोन मार्क. मी आता पेढे वाटत नाय, नुसती मान हलवतो.

श्रावणात पहिल्या सोमवारी तुला न्यायला पिशोरला येतो. तुझा राहिलेला नारळ घृष्णेश्वराला फोडायचाच हाय. दाजींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात, आन तुझ्या पायांवर डोकं. कमी-जास्त लिहिलं असंल तर लहान म्हणून पोटात घाल. पोटात मावत नसंल तर बाहेर काढून बोल, पण बोल.

तुझा धाकटा,
गोकुळ

ता. क. वर "न्यायला येतो" असं लिहिलंय, "गाडी घेऊन येतो" असं कुठं लिहिलेलं नाय, हे तुझ्या ध्यानात आलं असंलच. त्याचं असं झालं, की काचा उघड्या ठेवल्यामुळं गल्लीतल्या मांजरीनं मागच्या सीटवर तीन पिल्लं आणून ठेवली. पहिले दोन महिने ती गाडीच्या सावलीला पण फिरकत नव्हती, आता ऐसपैस पसरलेली असती. प्रेरणा म्हणती, बाबा, याच्यापुढं आमच्या लॅबचं सर्टिफिकेट काय! मांजर पिल्लांना सात घरं हिंडवतं म्हणतात. चौकशी केली, तर आमची गाडी तिचं चौथं घर हाय. उरलेली तीन कधी बघती ते तिच्या मर्जीवर. मी हॉर्न वाजवून बघितला तर प्रेरणाच्या आईनं बाळंतिणीला त्रास देता का म्हणून मलाच झापलं. तेव्हा मी एसटीनं येईन, आपण एसटीनंच वेरूळला जाऊ. तिकीट मी काढतो, जन्मभर दुसऱ्यांची फाडली. खिडकी तुझी.

ता. क. दुसरा. हे सगळं पाल्हाळ ज्याच्यासाठी लावलं ते आता लिहितो. नारळी पौर्णिमा जवळ आली. राखी पोस्टानं पाठवू नको, दाजींच्या हातून तर मुळीच नको. ह्या मनगटाला साठ वर्षांत तुझ्या हातची राखी नाय असं एकही वर्ष गेलं नाय, आन ह्या वर्षी जाईल की काय ह्या भीतीनं मला चैत्रापासून जेवण गोड लागत नाय. प्रेरणाची आई म्हणती, लसूण नाय म्हणून गोड लागत नाय. तिला काय कळतं.

ता. क. तिसरा. सतरा दिवस काचा का बंद ठेवल्या ते तुला रस्त्यात सांगायचं होतं, राहून गेलं. मी चौथी पास झालो तेव्हा तू कापूस वेचून मला कन्नडच्या बाजारातनं रेक्झिनचं दप्तर आणलं होतंस. आपल्या घरात त्याच्याआधी नवी वस्तू आलेलीच नव्हती. मी ते तोंडावर घेऊन झोपायचो. तू म्हणालीस, "असा सारखा हुंगू नको रे, वास संपल. पत्र्याच्या पेटीत बंद करून ठेव, म्हंजी पुरंल." मी ठेवलं होतं, अक्का. सातवीपर्यंत पुरला. म्हणून गाडी आली तेव्हा म्हटलं, आता अक्कासाठी बंद करून ठेवू, तिच्या वाटणीचा जरा पण सांडू नये. तूच शिकवलेलं मी तुझ्यावरच चालवलं. तो वास आता सगळा उडून गेला. तुला द्यायला गाडीत नुसती हवा राहिली हाय.

ता. क. शेवटचा. तुला माझ्याशी बोलायचं नसंल तर बोलू नको, हट्ट नाय. दाजींचा मोबाइल घे आन मला नुसता मिस कॉल दे. लागोपाठ दोन दिलेस तर ती डबल बेल समजून मी सोमवारची पहिली गाडी धरीन. एकच दिलास, तर तू थांब म्हणतीस असं समजंन आन फोनपाशी थांबून राहीन. ह्या खेपेला तुला घेतल्याबिगर गाडी हलायची नाय.